समोरचं मशीन सापडेना! सिंक सॉफ्टवेअरनं गप्प राहावं की बोंब मारावी?

बालाघाटी (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. आमचा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ अंबाजोगाईत आणि एडिटिंग करणारा भाचा लातुरात. लग्नसराईत एकेका लग्नाचं फुटेज दीड-दोनशे जीबी सहज होतं. दोन्हीकडं सिंकथिंग टाकलंय, म्हणजे दोन मशीनवरचे फोल्डर आपोआप सारखे ठेवणारं सॉफ्टवेअर. मधे कुठला क्लाउड नाही, महिन्याचं भाडं नाही. चालतं तेव्हा फार झकास चालतं.

अडचण चालत नाही तेव्हाची. कधी इकडची लाइट जाते, कधी तिकडचं नेट. पडद्यावर एका कोपऱ्यात बारीक अक्षरात 'डिस्कनेक्टेड' येतं, बाकी सगळं जैसे थे. भाचा कालच्याच प्रोजेक्ट फाइलवर काम रेटत असतो, मी इकडं त्याच फाइलीत नवरा-नवरीच्या नावाचं टायटल बदलतो. संध्याकाळी लाइन जुळली की फोल्डरमधे 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' असं शेपूट लावलेली आणखी एक फाइल हजर. मग खरी कुठली आणि खोटी कुठली यावर फोनाफोनी.

माझं मत स्पष्ट आहे. समोरचा होस्ट (म्हणजे समोरचं मशीन) दोन मिनिटांत सापडला नाही तर सॉफ्टवेअरनं काम थांबवावं, पडदाभर लाल पाटी लावावी आणि माणसानं बटण दाबेपर्यंत पुढं सरकू नये. गुपचूप 'परत बघतो, परत बघतो' करत बसणं मला पटत नाही. तुमच्याकडं काय व्यवस्था आहे? जाणकारांनी प्रकाश टाकावा. (लाइट असेल तर.)

मोंढ्यावरचा

लाल पाटी? आमच्या गंगाखेडात जून ते सप्टेंबर ती उतरायचीच नाही बगा. -१.

वसमतची_लेक

"लाइट असेल तर" 😀 परळीला थर्मल, अंबाजोगाई तिथून हाकेच्या अंतरावर, तरी तुमची ही तऱ्हा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

गोदाकाठी

बालाघाटीभाऊ, 'सापडत नाही' हे फार मोघम झालं. नांदेडात एका ऑफिसचं नेटवर्क सांभाळतो म्हणून सांगतो, न सापडण्याचे प्रकार निराळे आणि प्रत्येकाचा इलाज निराळा.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर उलट बरं समजायचं. मशीन चालू आहे, नेटवर्क ठीक आहे, समोरून चक्क 'नाही' असं उत्तर आलंय. सिंकचा प्रोग्राम बंद पडलाय किंवा पोर्ट (प्रोग्रामच्या दाराचा नंबर) चुकलाय, एवढाच अर्थ. हे उत्तर क्षणात येतं. 'नो रूट टू होस्ट' एकाच ऑफिसातल्या दोन मशीनमधे आलं तर बहुतेक वेळा समोरचं मशीनच बंद असतं किंवा वायर निघालेली असते. या पत्त्यावर कोण आहे असं विचारलं आणि कुणी हूं की चूं केलं नाही. सगळ्यात वाईट 'टाइम्ड आउट'. फायरवॉलनं पॅकेट गिळलं, राउटर बंद आहे की रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडली, काही म्हणजे काही कळत नाही. लिनक्स साधारण दोन मिनिटं विचारत राहतं आणि मग हात टेकतं. चौथा प्रकार नावाचा. पत्ता नावानं दिलाय आणि नावावरून पत्ता सांगणारं डीएनएसच उत्तर देईना. त्यात समोरच्या मशीनचा दोषच नसतो.

फोन लावल्यावर 'स्विच ऑफ आहे', 'कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे' आणि नुसती रिंग वाजत राहणं यांत आपण फरक करतोच ना? सॉफ्टवेअरनं तेवढं तरी सांगावं. लाल पाटीचा प्रश्न त्यानंतरचा.

बालाघाटी

@गोदाकाठी, माझ्याकडं तर नुसतं 'डिस्कनेक्टेड' दिसतं.

गोदाकाठी

मशीनच्या नावावर क्लिक करा, खाली माहिती उघडते. शेवटचं कधी दिसलं ते तिथं असतं, आणि पत्त्यांच्या ओळीत कुठल्या पत्त्यावर काय एरर आली तेही असतं. जोडलेलं असताना तिथंच कळतं की थेट लॅनवर (एकाच जागेच्या नेटवर्कात) आहे, इंटरनेटवरून आहे की रिलेमार्गे (मधल्या तिसऱ्या मशीनवरून). पोर्ट लिहून ठेवा (टीसीपी, यूडीपी, क्विक या डेटा पाठवायच्या पद्धती): टीसीपी २२०००, क्विकसाठी यूडीपी २२०००, आणि एकाच नेटवर्कात एकमेकांना शोधायला यूडीपी २१०२७. विंडोजनं नव्या वायफायला 'पब्लिक' ठरवलं की हा शोध फायरवॉलमधे अडकलाच म्हणून समजा.

तिसरा_माळा

मूळचा परभणीचा, सध्या पुण्यात सॉफ्टवेअरच लिहितो. धागाकर्त्याशी सपशेल असहमत.

"दोन मिनिटांत सापडला नाही तर" यातच गोम आहे. सापडला नाही हे सॉफ्टवेअरला कळणार कधी? प्रोग्राम रीतसर बंद केला तर जाता जाता समोरच्याला निरोप जातो. लाइट गेली तर काहीच जात नाही. लातूरच्या मशीनच्या लेखी कनेक्शन अजून उघडंच असतं. त्याला हाफ-ओपन म्हणतात. अशा उघड्या पण गप्प कनेक्शनवर लिनक्सची स्वतःची कीपअलाइव्ह तपासणी चालू असली, तरी तिची मूळ सेटिंग अशी: आधी ७२०० सेकंद शांतता, मग ७५ सेकंदांच्या अंतरानं ९ वेळा विचारणा. सव्वादोन तासांच्या आसपास! डेटा पाठवत असाल आणि पोच येईना, तरीही साधारण १५ मिनिटं टीसीपी पुन्हा पुन्हा पाठवत राहतं.

म्हणून प्रत्येक शहाणं सॉफ्टवेअर आपलं घड्याळ आपण ठेवतं. सिंकथिंग ९० सेकंदांत काही पाठवलं नसेल तर एक पिंग पाठवतं, आणि ३०० सेकंद समोरून काहीच आलं नाही तर कनेक्शन मोडतं. म्हणजे पाच मिनिटं तर 'आहे का गेला' हे ठरवण्यातच जाऊ शकतात. ती मर्यादा दोन मिनिटांवर आणायची? आणा. मग मोबाइल डेटावर चालणारं, जिवंत पण मंद असलेलं मशीन तुम्ही दिवसातून दहादा मेलेलं जाहीर कराल. मंद आणि मेलेला यांतला फरक नेटवर्कवरून खात्रीनं ओळखता येत नाही, ही अडचण सॉफ्टवेअरच्या आळसाची नाही. फिशर, लिंच आणि पॅटरसन यांचा १९८५ चा प्रसिद्ध सिद्धांत याच अडचणीतून येतो.

थोडक्यात, 'होस्ट गेला' हा नेहमी अंदाज असतो. अंदाजावर पुन्हा प्रयत्न करावा, खुशाल करावा. अंदाजावर कुठलंही न परतणारं पाऊल उचलू नये.

मोंढ्यावरचा

तिसऱ्या माळ्यावरून लै लांबचं दिसतं राव. दंडवत.

मांजराकाठ

तिसरा_माळा यांचं पटलं, पण अर्धंच. गुपचूप प्रयत्न करत राहण्याचं दुसरं टोक मी पाहिलंय.

एका संस्थेत जुन्या मोडी कागदपत्रांचे स्कॅन होते. रोज रात्री आरसिंक या फाइली कॉपी करणाऱ्या कमांडनं दुसऱ्या इमारतीतल्या मशीनवर प्रत जायची. स्क्रिप्ट माझ्या आधीच्या माणसानं लिहिलेली. राउटर बदलला, बॅकअपच्या मशीनला राउटरच्या पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीनं नवा आयपी (पत्ता) दिला, स्क्रिप्टमधे जुनाच राहिला. रोज पहाटे मेल मात्र यायची, 'बॅकअप पूर्ण झाला'. मूळ डिस्क बसली तेव्हा दुसरीकडं पाहिलं तर प्रत कित्येक महिन्यांपूर्वीची.

मी स्क्रिप्ट उघडून पाहिली. आरसिंकचा आउटपुट पाइपनं 'टी' कमांडमधे सोडला होता, लॉग फाइलीतही जावा आणि पडद्यावरही दिसावा म्हणून. शेलच्या (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) नियमानं अशा ओळीचा निकाल शेवटच्या कमांडचा धरला जातो. आरसिंक बिचारं रोज २५५ कोड देऊन सांगत होतं की एसएसएच (समोरच्या मशीनशी सुरक्षित जोडणी) लागत नाही. 'टी'नं ती एरर इमानेइतबारे लॉगमधे लिहिली आणि स्वतः शून्य, म्हणजे यशस्वी, असा निकाल दिला. बॅश शेलमधे 'पाइपफेल' (मधली कमांड फसली तरी आख्खी ओळ फसली धरायचा पर्याय) चालू केलं असतं तर पहिल्याच रात्री उघडकीस आलं असतं.

तेव्हा बोंब मारणारं कुणीतरी हवंच.

वसमतची_लेक

बाप रे. मोडीचे कागद! मूळ कागद तरी आहेत ना?

मांजराकाठ

आहेत ताई, कपाटात आहेत. पुन्हा स्कॅन केले. पण तो पसारा परत मांडायचा म्हणजे...

तिसरा_माळा

@मांजराकाठ, पाइपवाली गोष्ट अगदी बोलकी आहे. आणखी दोन मुद्दे जोडतो. आरसिंकचा टाइमआउट मुळात शून्य असतो, म्हणजे अनंतकाळ वाट. मधेच लाइन मेली तर ते लटकून राहतं, दुसऱ्या रात्री क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारं) त्याच्या उरावर नवं आरसिंक चालू करतं. टाइमआउट पर्याय द्या, आणि एसएसएचच्या सेटिंगमधे 'सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल' ३० सेकंद करा, मुळात तेही बंद असतं. तीनदा उत्तर आलं नाही की दीड मिनिटात एसएसएच स्वतः तोडून टाकतं. फ्लॉक (कुलूप लावणारी कमांड) लावा, म्हणजे एकावर एक चढणार नाहीत.

आता बोंब कुणी मारायची? तुमच्या गोष्टीत पाठवणाऱ्यावर विसंबून राहिलात. पाठवणारं मशीनच बंद असेल तर कोण मेल करणार? तपासणी प्रत ज्याच्याकडं यायची त्यानं करावी. 'माझ्याकडं शेवटची पूर्ण प्रत किती जुनी?' एवढा एकच प्रश्न. कनेक्शन दिवसातून पन्नास वेळा तुटू दे, रात्रीपर्यंत सगळं पोचलं तर कुणाची झोप मोडायचं कारण नाही. आणि कनेक्शन हिरवंगार दिसतंय पण प्रत तीन दिवसांची जुनी आहे, तर बोंब झालीच पाहिजे.

गोदाकाठी

+१. आम्ही अगदी हेच करतो. पाठवणारा दर फेरीत एका छोट्या फाइलीत तारीख-वेळ लिहितो, ती बाकीच्यांबरोबर जाते. घेणारा दर तासाला ती वाचतो. २६ तासांहून जुनी दिसली की मेसेज. २४ ठेवली तर रोज थोडा उशीर झाला की उगाच कलकल होते.

बालाघाटी

ही तारखेची फाइल आवडली. पण मंडळी, माझा त्रास बॅकअपचा नाही. दोघं एकाच फाइलीवर काम करतो, त्याचं काय?

औंढ्याचा_पाहुणा

पेनड्राइव्ह एसटीनं पाठवा. कंडक्टर ओळखीचा पाहिजे.

मोंढ्यावरचा

हसू नका, हिशेब करा. १२८ जीबीचा पेनड्राइव्ह, अंबाजोगाई ते लातूर स्टँडवर देण्या-घेण्यासकट दोन तास धरा. सेकंदाला १४० मेगाबिटच्या वर पडतंय. आमच्या घरच्या फायबरचा अपलोड याच्या जवळपास बी येत नाही.

तिसरा_माळा

वेग मान्य. पण बस फुटली तर पाकिटं पुन्हा पाठवायची सोय नाही, आणि पोच म्हणून भाच्याचा फोन.

वसमतची_लेक

२०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं लातूरला. डेटाचं काय घेऊन बसलात!

सेलूकर

गंमत बाजूला ठेवून एक धोका सांगतो, अजून कुणी काढला नाही म्हणून.

होस्ट सापडत नाही तेव्हा काहीच होत नाही, हे बरं. खरी भीती होस्ट गेलाय पण सॉफ्टवेअरला 'फोल्डर रिकामं झालं' असं वाटतं तेव्हा. आमच्या दुकानात नॅसचा (नेटवर्कवरच्या डिस्कच्या डब्याचा) शेअर लिनक्स मशीनवर माउंट केलेला (फोल्डरसारखा जोडलेला) असतो. नॅस बंद असताना मशीन रीस्टार्ट झालं की माउंट होत नाही, पण ज्या जागी तो बसतो ते रिकामं फोल्डर तिथं असतंच. आता डिलीट पर्याय लावलेलं आरसिंक तिथून चालवा. वाचताना एरर आली तर आरसिंक डिलीट करणं टाळतं हे खरं. पण इथं एरर कुठाय? फोल्डर आहे, उघडतंय, आत काही नाही. मालकानं सगळं पुसलं असं समजून ते समोरचंही पुसायला घेतं. एक्स्टर्नल डिस्कचंही तेच.

सिंकथिंगनं यावर साधा उपाय केलाय. प्रत्येक फोल्डरात 'एसटीफोल्डर' नावाची लपलेली खूण असते. ती दिसली नाही की फोल्डर थांबतं आणि एरर दाखवतं. बऱ्याच लोकांना ती कचरा वाटते आणि ते ती पुसतात. पुसू नका! आरक्लोन या दुसऱ्या सिंक सॉफ्टवेअरच्या बायसिंकमधेही खुणेची फाइल तपासायचा पर्याय आहे, शिवाय एका बाजूच्या अर्ध्याहून जास्त फाइली गायब दिसल्या तर ते मुळातच नकार देतं. युनिसन हे तिसरं सॉफ्टवेअर तर आख्खी बाजू रिकामी दिसली की विचारल्याशिवाय हलत नाही. आरसिंकला 'मॅक्स-डिलीट' (जास्तीत जास्त किती पुसायचं ती मर्यादा) स्वतः द्यावं लागतं.

बालाघाटीभाऊ, तुमची लाल पाटी इथं लावा. कनेक्शन तुटण्यावर नको.

तिसरा_माळा

सेलूकरांना लाख रुपयांचा प्रतिसाद म्हणून सलाम. 'न परतणारं पाऊल' म्हणत होतो ते हेच.

बालाघाटी

आमचं फुटेज एक्स्टर्नल डिस्कवरच असतं! खूण आत्ताच जाऊन पाहिली, आहे जागेवर. हुश्श.

लोखंडी_जालना

थोडं आमच्याकडचं. कारखान्याच्या ऑफिसात वजनकाट्याच्या पावत्या आणि डिस्पॅचचे कागद चार-पाच मशीनवरून एका नॅसवर जातात. लाइट आली की सगळी मशीनं एकदम उठतात, एसएसडीवाली तर अर्ध्या मिनिटात. नॅसला मात्र आपल्या डिस्क तपासून उभं राहायला चांगला वेळ लागतो. पूर्वीची स्क्रिप्ट तीनदा प्रयत्न करायची, तेही लागोपाठ, आणि 'होस्ट मिळाला नाही' म्हणून दिवसभरासाठी मान टाकायची. नॅस दहा मिनिटांनी तयार, पण विचारायला कुणीच नाही.

आता सोडून द्यायचंच नाही असं ठरवलंय. पहिला प्रयत्न ५ सेकंदांनी, मग १०, २०, ४० असं दुप्पट करत १० मिनिटांवर थांबायचं आणि पुढं दर १० मिनिटांनी. प्रत्येक वेळी थोडे सेकंद रँडम मिसळायचे. नाहीतर सगळी मशीनं एकाच ठोक्याला नॅसवर तुटून पडतात, आणि ते नुकतंच उठलेलं असतं.

गोदाकाठी

रँडमचं महत्त्व लोकांना कळत नाही. सिंकथिंग मुळात दर ६० सेकंदांनी जोडायला बघतं, दोन-चार मशीनला ते पुरतं. शंभर मशीनचा मामला असेल तर लोखंडी म्हणतात तसंच करावं लागतं.

वसमतची_लेक

एक बायकी शंका म्हणा हवं तर. एवढं सगळं करण्यापेक्षा राउटरला बॅटरी का लावत नाही? माझं सेवा केंद्र आहे. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होता, पण राउटर आणि फायबरचा डबा दुसऱ्या भिंतीवरच्या साध्या बोर्डावर. लाइट गेली की कॉम्प्युटर चालू, नेट बंद, आणि दाखल्यासाठी आलेली माणसं माझ्या तोंडाकडं बघतायत. राउटरचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो. फक्त ॲडॉप्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर लिहिलंय ते जुळवून घ्या. निम्मा त्रास तिथंच संपला.

मोंढ्यावरचा

ताई, यात बायकी काय? धाग्यातली सगळ्यात स्वस्त अक्कल तुमची. पण टॉवर आणि चौकातल्या डब्याची बॅटरी कोण भरायचं?

वसमतची_लेक

ते तुम्ही भरा. 😀

दुधना_थडी

अवांतर: आमच्याकडं दोन्ही टोकांना नेट आहे, लाइट आहे, तरी थेट जोडलं जात नाही, रिलेवरून रांगत चालतं. का?

गोदाकाठी

राउटरच्या पानावर बाहेरचा आयपी बघा. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत काही असेल तर तुम्ही कॅरिअर-ग्रेड नॅटच्या (नेट कंपनी एकच बाहेरचा पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटते त्याच्या) मागं आहात. हा पट्टा २०१२ मधे खास याच कामासाठी राखून ठेवलाय. बाहेरून तुमच्यापर्यंत कुणी सरळ येऊ शकत नाही, राउटरमधे कितीही पोर्ट फॉरवर्ड करा. क्विकमुळे कधी वाट निघते, नाहीतर रिले. रिलेवाल्याला तुमचा डेटा वाचता येत नाही, तो एनक्रिप्टेड असतो, फक्त वेग पडतो. आधी आयपीव्ही-सिक्स (नव्या पद्धतीचे पत्ते) चालू आहे का बघा. दोन्हीकडं असेल आणि राउटरच्या फायरवॉलनं अडवलं नाही तर थेट जोडणी होते.

दुधना_थडी

प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे. (सापडलं. राउटरमधे आयपीव्ही-सिक्स बंद होतं. धन्यवाद दादा.)

मांजराकाठ

बालाघाटींचा मूळ प्रश्न वाऱ्यावर राहिला म्हणून परत येतो. दोघं एकाच फाइलीवर, आणि मधे लाइन तुटलेली. यात सॉफ्टवेअरपुढं दोनच वाटा आहेत: संपर्क येईपर्यंत दोघांनाही काम करू द्यायचं नाही, किंवा दोघांना करू द्यायचं आणि नंतर भांडण मिटवायचं. एरिक ब्रुअर यांनी २००० साली मांडलेलं कॅप तत्त्व नेमकं या कोंडीबद्दल आहे. तुम्ही पहिली वाट मागताय. लग्नाची तारीख तोंडावर आणि लातुरात नेट नाही, अशा वेळी भाच्याला हात बांधून बसवणार का?

सिंकथिंग दुसरी वाट घेतं. दोन्हीकडं बदललेल्या फाइलींत जिची बदलाची वेळ जुनी, तिला कॉन्फ्लिक्टचं नाव देऊन बाजूला ठेवतं. टाकून देत नाही. एकीकडं बदल आणि दुसरीकडं डिलीट असेल तर २.० च्या आधीच्या आवृत्त्यांत बदललेली फाइल जिंकायची; आता डिलीटही जिंकू शकतं, पण तेव्हाही फाइल कॉन्फ्लिक्टच्या नावानं राहते.

लोखंडी_जालना

आणि यात घड्याळ बघा! जुन्या मशीनचा बटन सेल संपलेला असला की लाइट जाऊन आल्यावर ते कुठल्यातरी जुन्या सालात उठतं. त्यावर केलेलं ताजं काम 'जुनं' ठरतं आणि कॉन्फ्लिक्टमधे जातं. शिवाय तारीख चुकीची असली की एचटीटीपीएसवाल्या क्लाउड सेवांचं सर्टिफिकेटच अवैध दिसतं. तुम्ही समजता नेट गेलं, गेलेला असतो सेल.

सेलूकर

बालाघाटीभाऊ, फोल्डर वेगळे करा. कच्चं फुटेज अंबाजोगाईहून 'सेंड ओन्ली', लातुरात 'रिसीव्ह ओन्ली'. प्रोजेक्ट फाइलींचा मालक भाचा, तिथं उलटं. तुम्हाला टायटल बदलायचं असेल तर मजकूर वेगळ्या फाइलीत लिहून द्या, तो लावेल. जिथं एका फाइलीला एकच लिहिणारा, तिथं लाइन तुटली काय आणि जुळली काय. वर व्हर्जनिंग (जुन्या प्रती राखून ठेवणं) चालू ठेवा.

आणखी एक, मोठ्या फाइलींसाठी. अर्धवट आलेला भाग सिंकथिंग तात्पुरत्या फाइलीत ठेवतं आणि पुढच्या वेळी तिथून पुढं घेतं. पण मूळ सेटिंगमधे तो भाग २४ तासच राखला जातो. तुमच्याकडं दोन-दोन दिवस नेट जात असेल तर ॲडव्हान्स्ड सेटिंगमधे ते तास वाढवून घ्या, नाहीतर चाळीस जीबीची फाइल पुन्हा पहिल्यापासून.

बालाघाटी

@सेलूकर, तासांचं हे माहीतच नव्हतं, लगेच ७२ केले. फोल्डरांची वाटणी भाच्याला सांगितली. तो म्हणतो, "मामा, टायटल मीच लावत जातो, तुम्ही फक्त स्पेलिंग व्हॉट्सॲपवर टाका."

लाल पाटीबद्दल: कनेक्शन तुटण्यावर नको, हे मान्य. पण तारखेची फाइल सहा तासांहून जुनी झाली की लातूरच्या पडद्यावर मोठ्ठी सूचना यावी असं करून घेतोय. लग्नसराईत २६ तास मला परवडत नाहीत. आणि राउटरचा यूपीएस आजच सांगून ठेवला. तिसरा_माळा, दोन मिनिटांचा हट्ट सोडला, पण पडद्यावर 'डिस्कनेक्टेड' अजून बारीकच दिसतं, त्याबद्दल माझी तक्रार कायम आहे.

तिसरा_माळा

ती तक्रार रास्त आहे.

औंढ्याचा_पाहुणा

मोबाइलवर पण चालतं का हे? कार्यक्रमाचे फोटो फोनवरूनच थेट जातील.

गोदाकाठी

चालतं. मूळ अँड्रॉइड ॲप २०२४ च्या डिसेंबरात बंद झालं, आता लोक 'सिंकथिंग-फोर्क' वापरतात. फोनच्या बॅटरी सेव्हरमधून त्याला वगळा, नाहीतर पडदा बंद झाला की थोड्या वेळानं फोन स्वतःच त्याला मारतो आणि तुम्ही इथं येऊन विचाराल की होस्ट का सापडत नाही.

मोंढ्यावरचा

शेवटचं इचारतो. आमच्या आडतीच्या दुकानातला टॅलीचा डेटा फोल्डर असाच घरच्या मशीनला सिंक करावा का? दिवसभर टॅली चालूच असतं.

तिसरा_माळा

नाही. चालू असलेल्या डेटाबेसच्या फाइली अजिबात नाही, अर्ध्या नव्या अर्ध्या जुन्या पोचतील. टॅलीतून बॅकअप काढा आणि ती बॅकअप फाइल सिंक करा.

मोंढ्यावरचा

पण बॅकअप काढायला मुनीमजींना सांगावं लागंल.

मांजराकाठ

मुनीमजींसाठी वेगळा धागा काढा.